पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट: ऑस्करच्या आधीची अठ्ठावन्न वर्षं

प्रश्न असा आला आहे: ‘अ पॅसेज टू इंडिया’ या १९८४च्या चित्रपटातल्या मिसेस मूर पाहिल्या आणि ती भूमिका करणाऱ्या इंग्लिश अभिनेत्री पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्याबद्दल कुतूहल वाटलं. त्या मुळात रंगभूमीवरच्या. त्यांची नाटकं आता पाहता येत नाहीत. मग त्यांची कारकीर्द समजून कशी घ्यायची, आणि अभिनय शिकणाऱ्याने त्यात नेमकं काय बघायचं?

पहिली सूचना अशी की मिसेस मूरपासून सुरुवात करू नका. भूमिका उत्तमच आहे, पण तिथून मागे गेलं की ‘म्हातारपणी सिनेमाने शोधून काढलेली गुणी बाई’ असं चित्र डोक्यात बसतं. १९८५च्या मार्चमध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या, आणि व्यावसायिक रंगभूमीवर पहिलं पाऊल टाकलं होतं १९२६ साली. मधल्या काळात इंग्लंडमधली जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची नाटक कंपनी उभी राहत असताना त्या तिथे होत्या. कॅमेऱ्याने त्यांना नवं काही शिकवलं नाही. समोरच्याचं ऐकून त्यातून आपलं वाक्य काढायचं, हे त्या आधीच पन्नास वर्षं करत होत्या. कॅमेरा फक्त जवळ आला.

आधी सांगाडा. जन्म २२ डिसेंबर १९०७, क्रॉयडन, लंडनच्या दक्षिणेला. वडील जमीनजुमल्याचे व्यवस्थापक, पहिल्या महायुद्धात मारले गेले. आई हौशी नटी. सोळाव्या वर्षी लंडनच्या सेंट्रल स्कूल या नाट्यशाळेत एल्सी फोगर्टी यांच्या हाताखाली शिक्षण; लॉरेन्स ऑलिव्हिए बरोबरीचे विद्यार्थी. फोगर्टींचा सगळा भर आवाजावर, शुद्ध उच्चारावर आणि लयीवर. अ‍ॅशक्रॉफ्टना ते अपुरं वाटायचं. त्यांनी रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कींचं आत्मचरित्र वाचलं आणि त्यातली एकजीव कंपनीची कल्पना मनात धरली. हे लक्षात ठेवा, कारण पुढचे बहुतेक निर्णय इथून निघतात. तीन लग्नं झाली: प्रकाशक रुपर्ट हार्ट-डेव्हिस, रशियन दिग्दर्शक थिओडोर कोमिसारजेव्स्की आणि बॅरिस्टर जेरेमी हचिन्सन. तिसऱ्या लग्नातून एक मुलगी, एक मुलगा. अभिनयाच्या दृष्टीने यातलं कोमिसारजेव्स्की हे नाव महत्त्वाचं: १९३६मध्ये त्यांनी बसवलेल्या चेखवच्या ‘द सीगल’मध्ये अ‍ॅशक्रॉफ्टनी नीना केली.

पदार्पण बर्मिंगहॅम रेपर्टरीत, राल्फ रिचर्डसन यांच्यासोबत. चारच वर्षांनी, १९३० साली, लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात पॉल रोबसन यांच्या ऑथेल्लोसमोर डेस्डेमोना. आपल्याकडे देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे हे कथानक घरोघरी माहीत होतं, पण तिथे कृष्णवर्णीय नट खरोखरच ऑथेल्लो करतोय आणि गोऱ्या तरुणीला मंचावर जवळ घेतोय, हे १९३०च्या लंडनला जड गेलं. अ‍ॅशक्रॉफ्टना शिवीगाळीची पत्रं आली. वंशद्वेष म्हणजे काय हे आपल्याला तिथे कळलं, असं त्या पुढेही सांगत राहिल्या. राजकीय प्रश्नांवर उघड भूमिका घेणारी बाई म्हणून त्यांची जी ओळख होती, तिचं मूळ शोधायचं तर इथेच.

१९३२-३३चा लंडनच्या ओल्ड व्हिक थिएटरचा हंगाम ही त्यांची खरी शाळा. लिलियन बेलिस यांची कंपनी, पैसा कमी, तालमी घाईच्या, आणि एकाच हंगामात शेक्सपिअरच्या इमोजन, रोझलिंड, पोर्शिया, पर्डिटा, ज्युलिएट, मिरांडा, शिवाय इतर. अशा वेळी नट दोनच गोष्टी करू शकतो: एकतर प्रत्येक भूमिकेला तोच साचा लावतो, नाहीतर संहितेतल्या वाक्यरचनेलाच आधार मानतो. रोझलिंडची वाक्यं लांब, गद्य, विनोदाने वळणं घेणारी. ज्युलिएटची पद्यातली, पण सुरुवातीला तुटक आणि नंतर अंगात वारं भरल्यासारखी पसरणारी. फरक वाक्यातच असतो. तो उचलला की ‘पात्र कसं चालतं, कसं बसतं’ हे बरंचसं आपोआप ठरतं. व्यावसायिक नाटकात तालमीला वेळ नसतो ही आपल्याकडची नेहमीची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. त्यावरचा हा उपाय आजही चालतो.

१९३५ साली न्यू थिएटरात ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ झालं. दिग्दर्शक जॉन गिलगुड. गिलगुड आणि ऑलिव्हिए रोमिओ व मर्क्युशिओ आलटून पालटून करत, दाई एडिथ एव्हान्स, ज्युलिएट अ‍ॅशक्रॉफ्ट. १८०हून जास्त प्रयोग झाले. चर्चा नेहमी दोन रोमिओंची होते. जरा ज्युलिएटच्या जागी उभे राहून पाहा. ऑलिव्हिए पद्य मोडून, अंगाने आणि उतावळेपणाने बोलणारे. गिलगुड ओळीची सुरावट सांभाळणारे. सज्ज्याचा प्रवेश तोच, शब्द तेच, पण समोरून येणारा वेग आणि स्वर वेगळा. ज्युलिएटचं उत्तर आधीच बसवून ठेवलेलं असेल, तर दोघांपैकी एकासमोर ते खोटं वाटणारच. त्यामुळे रोज रात्री ऐकूनच बोलावं लागलं. अभिनयात ‘प्रतिक्रिया द्या’ असं सरसकट सांगितलं जातं. प्रतिक्रिया म्हणजे समोरच्याने वाक्य ज्या स्वरावर सोडलं, तिथून आपलं वाक्य उचलणं. चेहरा हलवणं म्हणजे प्रतिक्रिया नव्हे.

त्यानंतर गिलगुड यांचा १९३७-३८चा क्वीन्स थिएटरातला हंगाम आला, एका कंपनीने चार नाटकं करण्याचा. त्यातलं ‘थ्री सिस्टर्स’ मिशेल सँ-दनी यांनी बसवलं, आणि त्या काळी अशक्य वाटावी इतकी, सात-आठ आठवड्यांची तालीम मिळाली. अ‍ॅशक्रॉफ्ट धाकटी बहीण इरिना. याच कंपनीत अ‍ॅलेक गिनेस नावाचा तरुण होता, जो पुढे ‘अ पॅसेज टू इंडिया’मध्ये प्रोफेसर गोडबोले झाला. गोऱ्या नटाने रंग फासून केलेले ते गोडबोले आज बघवत नाहीत, मराठी आडनाव असल्याने आपल्याला तर अधिकच खुपतात. तो दोष भूमिकावाटपाचा.

युद्धानंतरची दहा वर्षं हा माझ्या मते त्यांचा सर्वांत वरचा काळ, आणि दुर्दैवाने त्याचंच चित्रीकरण नाही. १९४९चं ‘द एअरेस’, १९५२चं ‘द डीप ब्लू सी’, १९५४चं ‘हेडा गाब्लर’. तिन्ही संहिता मिळवून ओळीने वाचा. ‘द एअरेस’ची कॅथरिन स्लोपर ही बापाच्या धाकात वाढलेली लाजरीबुजरी मुलगी, शेवटी ती प्रियकराला दार वाजवत ठेवून दिवा घेऊन जिना चढते. नट सहसा इथे चुकतो तो असा: पहिल्या अंकात लाजरेपणा इतका रंगवतो की शेवटचा कठोरपणा बाहेरून चिकटवल्यासारखा दिसतो. कठोरपणाची बीजं पहिल्याच अंकात, ती बापाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला क्षणभर जास्त वेळ घेते तिथे, पेरावी लागतात. ‘द डीप ब्लू सी’ची हेस्टर तर पडदा उघडतो तेव्हा गॅस सोडून आत्महत्येच्या प्रयत्नात पडलेली असते, आणि मीटरमध्ये टाकलेल्या नाण्यापुरता गॅस संपल्यामुळे वाचते. म्हणजे नटीला चढत जायला जागाच नाही. शिखरापासून सुरुवात करून अडीच तास सामान्य बोलण्यात ते दुःख दाबून ठेवायचं. रडून दाखवलं की नाटक पहिल्या अंकातच संपतं.

‘हेडा’ची गोष्ट वेगळी. त्यांनी तिच्यातला थंड विनोद बाहेर काढला, नाटक नॉर्वेत नेलं, आणि इब्सेनच्याच देशात राजे हाकोन यांच्याकडून पदक मिळालं. १९५६मध्ये त्या डेम झाल्या, म्हणजे पुरुषांच्या ‘सर’सारखा ब्रिटिश किताब मिळाला. (लिहिताना ‘डेम पेगी’ लिहावं; ‘डेम अ‍ॅशक्रॉफ्ट’ चूक आहे, ‘सर’ या किताबाचंही तसंच.) त्याच वर्षी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात त्यांनी ब्रेख्तच्या ‘द गुड वुमन ऑफ सेत्झुआन’मधली दुहेरी भूमिका केली. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी ज्याचं ‘देवाजीनं करुणा केली’ केलं, तेच हे नाटक. नुकतीच डेम झालेली, वेस्ट एंडची, म्हणजे लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीची लाडकी बाई तरुण लेखकांच्या त्या फाटक्या थिएटरात जाते, ही निवड त्या काळी साधी नव्हती.

त्याहून मोठी निवड १९६०ची. दिग्दर्शक पीटर हॉल तिशीच्याही आत होते. शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, तीन वर्षांच्या करारावर कायमची कंपनी उभी करायची त्यांची योजना होती, आणि ज्येष्ठांपैकी लगेच होकार देणाऱ्यांत अ‍ॅशक्रॉफ्ट होत्या. त्यांचं नाव आल्यावर बाकीचे आले. १९६१मध्ये तिला रॉयल शेक्सपिअर कंपनी हे नाव मिळालं. पहिल्या हंगामात त्यांनी ‘द टेमिंग ऑफ द श्रू’मधली कॅथरिना, म्हणजे आपली ‘त्राटिका’, केली. वय बावन्न, समोर सत्तावीस वर्षांचे पीटर ओटूल. वयाचं गणित कागदावर बसत नाही, मंचावर बसलं.

आता पाहता येण्यासारखं काय ते सांगतो, माझ्या क्रमाने.

सुरुवात १९६३च्या ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’पासून करा. जॉन बार्टन आणि हॉल यांनी ‘हेन्री द सिक्स्थ’चे तीन भाग आणि ‘रिचर्ड द थर्ड’ यांच्या जवळजवळ निम्म्या ओळी कापल्या, बार्टन यांनी हजाराहून जास्त ओळी स्वतः घातल्या, आणि तीन नाटकं केली. बीबीसीने ती स्ट्रॅटफर्डच्या नाट्यगृहातच चित्रित करून १९६५मध्ये दाखवली, आणि पुढे डीव्हीडीही निघाली. अ‍ॅशक्रॉफ्ट राणी मार्गारेट. पंचावन्नाव्या वर्षी त्या फ्रान्सहून आलेल्या कोवळ्या राजकन्येपासून सुरुवात करतात आणि शाप देत फिरणाऱ्या जख्ख म्हातारीपर्यंत जातात. तीन गोष्टी तपासा. एक, ‘र’चा किंचित परका उच्चार: तो पहिल्या प्रवेशापासून अखेरपर्यंत टिकतो, वय बदलतं, माणूस बदलत नाही याची ती खूण आहे. दोन, तरुण दिसण्यासाठी त्या आवाज बारीक करत नाहीत, वाक्य लवकर सुरू करतात. म्हातारपणी आवाज कापत नाहीत, वाक्य संपल्यावर थांबतात. तीन, तिचा शत्रू यॉर्क याच्या डोक्यावर कागदी मुकुट ठेवून त्याच्याच लहान मुलाच्या रक्ताने भिजलेलं फडकं त्याला देण्याचा प्रवेश. त्या क्रौर्याला किंचित हसण्याची जोड आहे, आणि यॉर्क बोलू लागल्यावर ते हसू कुठे विरतं ते पाहा. यॉर्क डोनाल्ड सिन्डेन आहेत. पाहताना त्यांच्याकडे न बघता अख्खा वेळ तिच्याकडे बघा.

मग मागे जा, हिचकॉकच्या १९३५च्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’कडे. स्कॉटलंडमधल्या एका कर्मठ शेतकऱ्याची तरुण बायको, मोजकेच प्रसंग. जेवणाआधी नवरा प्रार्थना म्हणतोय, टेबलावरच्या वर्तमानपत्रात पाहुण्याच्या शोधाची बातमी आहे, ती वाचते, पाहुण्याकडे बघते, आणि प्रार्थना म्हणता म्हणता नवरा त्या दोघांची नजरानजर पकडतो. हा प्रसंग आवाज बंद करून दोनदा बघा आणि तिची नजर कुठून कुठे जाते याची कागदावर नोंद करा. प्रत्येक वेळी नजर नवी माहिती मिळाल्यावरच हलते, आधी नाही. हौशी नटांची निम्मी धडपड इथे फसते: पुढे काय होणार हे माहीत असल्याने डोळे अर्धा क्षण आधी वळतात.

चेखवच्या ‘द चेरी ऑर्चर्ड’चं बीबीसीचं १९६२चं चित्रीकरणही मिळतं. त्या बागेची मालकीण रानेव्स्काया, गिलगुड तिचा भाऊ, आणि तिच्या मुलीच्या भूमिकेत विशीतल्या जुडी डेंच. बाग विकली गेल्याचं कळतं तिथपर्यंत तरी पाहाच.

सत्तरच्या दशकातलं एक नाटक चित्रीकरण नसूनही टाळू नका: बेकेटचं ‘हॅपी डेज’, दिग्दर्शन पुन्हा हॉल. मार्च १९७६मध्ये साउथ बँकेवरच्या नॅशनल थिएटरचं लिटलटन सभागृह उघडलं, तेव्हा याच नाटकाचा प्रयोग होता. नायिका विनी पहिल्या अंकात कमरेपर्यंत मातीत, दुसऱ्यात गळ्यापर्यंत. पहिल्या अंकात पिशवी, दात घासायचा ब्रश, छत्री, पिस्तूल एवढा तरी आधार. दुसऱ्यात फक्त डोळे आणि तोंड. संहितेत बेकेट प्रत्येक विराम आणि हाताची प्रत्येक हालचाल लिहून ठेवतो. पाठांतराची युक्ती अशी की ओळ आणि हालचाल वेगवेगळी पाठ करायची नाही. ब्रश कुठल्या शब्दावर उचलायचा ते शब्दासकट हातात बसवायचं. नाहीतर दुसऱ्या अंकात हात गेले की ओळीही जातात.

आता दूरचित्रवाणीवरचं. १९८० साली दोन कामं आली, स्टीफन पोलिआकॉफ यांचं ‘कॉट ऑन अ ट्रेन’ आणि डेनिस पॉटर यांचं ‘क्रीम इन माय कॉफी’. दोन्हींबद्दल मिळून बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचा चित्रपट-दूरचित्रवाणी पुरस्कार. पहिल्यात त्या फ्राउ मेसनर, रात्रीच्या गाडीत एका तरुण इंग्रजाला छळणारी व्हिएन्नाची म्हातारी. हट्टी, उद्धट, हसवणारी, आणि तिच्या भूतकाळाबद्दल मनात शंका ठेवून जाणारी. ‘गोड आजी’ हा शिक्का पुसायला यापेक्षा चांगलं औषध नाही.

‘द ज्वेल इन द क्राउन’ ही ग्रॅनाडा या ब्रिटिश वाहिनीची चौदा भागांची मालिका १९८४च्या जानेवारी ते एप्रिलमध्ये दाखवली गेली. लक्षात घ्या, ‘अ पॅसेज टू इंडिया’ त्याच वर्षाच्या अखेरीस आला. दोन्हींत भारतातली वयस्क इंग्रज बाई असल्याने लोक त्यांची सरमिसळ करतात. भूमिका एकमेकींच्या विरुद्ध आहेत. मालिकेतली बार्बी बॅचलर ही निवृत्त मिशनरी शिक्षिका, थंड हवेच्या ठिकाणी दुसऱ्याच्या बंगल्यात भाड्याने राहणारी, सारखी बोलणारी, आणि ख्रिस्ती धर्मप्रसारात घालवलेलं आयुष्य फुकट गेलं की काय या भीतीने पोखरलेली. मेमसाहेब तिला आपल्यातली मानत नाहीत. बडबड्या पात्रात नट हमखास एकाच वेगाने बोलत सुटतो, दोन मिनिटांत प्रेक्षक ऐकणं बंद करतो. अ‍ॅशक्रॉफ्ट काय करतात? प्रत्येक वाक्य खऱ्या हेतूने सुरू होतं, मध्येच समोरच्याचं लक्ष उडाल्याचं तिला जाणवतं, आणि ती पोकळी भरायला पुढचं वाक्य घाईने येतं. म्हणजे बडबडीचं कारण दर वेळी समोरच्या माणसात असतं. म्हणून पुढे, टांग्याच्या अपघातानंतर, ही बाई बोलायची थांबते तेव्हा इतकं हादरायला होतं. सराव करायचा असेल तर तिचं एखादं मिनिटाचं बोलणं कानाने उतरवून घ्या, श्वास जिथे घेतला तिथे उभी रेघ मारा, आणि मग स्वतः त्याच रेघांवर श्वास घेऊन म्हणून बघा. श्वासाच्या जागा व्याकरणाच्या नसून मनाच्या आहेत हे दोन-तीन वाचनांतच कळेल. मालिकेत झोहरा सेहगल, आर्ट मलिक आणि टिम पिगॉट-स्मिथही आहेत. या भूमिकेलाही बाफ्टा मिळालं.

मिसेस मूर इथे या क्रमाने आल्या की वेगळ्या दिसतात. दिग्दर्शक डेव्हिड लीन त्यांच्याहून जेमतेम तीन महिन्यांनी लहान. मराबारच्या लेण्यांचं बरंच चित्रीकरण कर्नाटकात, सावनदुर्ग आणि रामनगर भागात झालं, म्हणजे ‘शोले’चं रामगड जिथे उभं राहिलं त्याच खडकांत. बार्बी शब्दांत बुडालेली, तर मिसेस मूर शब्द सोडत जाणारी. मशिदीत अझीझशी पहिली भेट पाहा, मग लेण्यातून बाहेर आल्यावरचा चेहरा पाहा. मधल्या काळात तिचा बोलण्यावरचा विश्वास उडालेला आहे. ऑस्करच्या सोहळ्याला त्या नव्हत्या, त्यांच्या वतीने अँजेला लॅन्सबरी यांनी ते स्वीकारलं. भारताशी आणखी दोन धागे: मर्चंट-आयव्हरींचा जोधपूरमध्ये झालेला ‘हलाबलू ओव्हर जॉर्जी अँड बॉनीज पिक्चर्स’, ज्यात त्या लघुचित्रांच्या मागे लागलेली इंग्रज संग्राहक आहेत, आणि शबाना आझमी असलेला १९८८चा ‘मादाम सूझात्स्का’. पहिला मजेदार, दुसऱ्यात त्यांना काम थोडं.

शेवटचं रंगमंचावरचं काम १९८१-८२चं, ट्रेव्हर नन यांच्या ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’मधली काउंटेस. त्याच सुमाराला जॉन बार्टन यांनी ‘प्लेइंग शेक्सपिअर’ ही कार्यशाळांची मालिका दूरचित्रवाणीसाठी केली, तिच्यातही त्या आहेत. पद्य कसं बोलायचं हे प्रात्यक्षिकासह बघायचं तर ती मालिका कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी. मृत्यू १४ जून १९९१, लंडन. क्रॉयडनमध्ये त्यांच्या नावाचं नाट्यगृह १९६२पासून आहे.

सगळ्यात शेवटी ठेवा १९८९चं ‘शीज बीन अवे’. लेखन पोलिआकॉफ, दिग्दर्शन पीटर हॉल, सोबत ‘ज्वेल’मधल्या सेरा लेटन, म्हणजे जेराल्डिन जेम्स. साठ वर्षं वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेली एक बाई श्रीमंत नातेवाइकांच्या घरी आणली जाते, आणि बराच वेळ काही बोलतच नाही. व्हेनिसच्या महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार दोघींना मिळून देण्यात आला, आणि तो तसाच द्यायला हवा होता. पहिल्या अर्ध्या तासात एकीकडे जवळजवळ वाक्यं नाहीत, दुसरीकडे भरपूर आहेत, तरी प्रसंग दोघींचा वाटतो. बार्बीची श्वासाची रेघोटी हाताशी असेल तर हा अर्धा तास तिच्या शेजारी ठेवून पाहा: या वेळी रेघा जेराल्डिन जेम्स यांच्या वाक्यांवर मारा, आणि प्रत्येक रेघेला अ‍ॅशक्रॉफ्ट काय करतात ते टिपा.